बंदिस्त जागेत उतरण्याआधी: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखान्यांतली ऑफ सीझनची कामं, चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतली कापड रंगवणारी प्रोसेस हाऊस, शहरातली ड्रेनेजची चेंबरं, घरोघरचे पाण्याचे हौद, खेड्यातले आड आणि गोबरगॅस. या सगळ्या ठिकाणी आपली माणसं उतरतात. सुरक्षा प्रशिक्षणात कामगार, मुकादम, मेंटेनन्सचे फोरमन आणि घरमालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला सवड नसेल तर ‘आत माणूस पडला तर काय करायचं?’ एवढा प्रश्न तरी आत्ताच वाचा आणि आपल्या टोळीतल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

बंदिस्त जागा नेमकी कशाला म्हणायचं?

माणूस आत शिरू शकतो, पण आत-बाहेर करण्याची वाट अडचणीची आहे. रोज बसून काम करावं म्हणून ती जागा बांधलेली नाही. आणि आतली हवा बाहेरच्या हवेशी खेळत नाही, अशी कुठलीही जागा. मोलॅसिसची (मळीची) टाकी, रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरची बॉडी, बॉयलरचा ड्रम, स्पेंटवॉशचा (डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा) डायजेस्टर, डाईंगच्या सांडपाण्याची टाकी, शौचालयाची टाकी, ड्रेनेजचं चेंबर, पाण्याचा हौद, आड, मुरघासाचा खड्डा हे सगळं त्यात येतं.

‘वरून तर उघडीच आहे की’ असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. वरून उघडं असणं पुरत नाही. ज्वारीच्या पट्ट्यातली जुनी माणसं जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की लगेच कुणाला उतरू देत नसत, तोंड उघडं ठेवून वाट बघत. साठवलेलं धान्य श्वास घेतं, प्राणवायू वापरतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तळाशीच बसून राहतो. उघड्या आडात आणि ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्राच्या) उघड्या टाकीतही हेच होतं.

वास येत नाही म्हणजे गॅस नाही, बरोबर ना?

नाही. या एका समजुतीने आजवर फार माणसं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गटारात, मैल्यात, स्पेंटवॉशमध्ये आणि कुजलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि तो एक पीपीएमपेक्षा कमी असला तरी नाकाला कळतो. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा १० पीपीएमची. साधारण १०० पीपीएमच्या पुढे मात्र हा गॅस वासाची जाणीवच मारून टाकतो. माणसाला वाटतं, ‘मघाशी वास होता, आता गेला.’ प्रत्यक्षात तेव्हा गॅस वाढलेला असतो. ५०० ते ७०० पीपीएमला काही मिनिटांत माणूस कोसळतो. ७०० ते १,००० च्या घरात गेला तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते, शिडीचा पुढचा पाय टाकायलाही वेळ मिळत नाही.

बाकीच्या कित्येक गॅसना तर वासच नाही. कार्बन मोनॉक्साइडला नाही, मिथेनला नाही, नायट्रोजनला नाही. आणि प्राणवायू कमी झाला, तर ते सांगणारं इंद्रिय आपल्या शरीरात नाही. नाकावर विसंबून कधीही उतरू नका.

प्राणवायू किती असला की चालतं?

मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ टक्क्यांखाली गेला तर उतरायचं नाही. १६ टक्क्यांच्या आसपास नाडी वाढते आणि विचार करण्याची ताकद कमी होते. म्हणजे धोका ओळखायचा तेव्हाच डोकं साथ देत नाही. १० टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते, ओठ निळे पडतात. ६ टक्क्यांखाली काही सेकंदांचाच प्रश्न.

२३.५ टक्क्यांच्या वर गेला तरीही उतरायचं नाही, कारण मग कपडे आणि केसही भडाभडा पेटतात. गॅस कटिंगची नळी जेवणाच्या सुट्टीत टाकीतच राहिली आणि थोडी गळत राहिली, की हे घडतं. सुट्टी झाली की कटिंगची टॉर्च आणि नळी दोन्ही बाहेर काढा, सिलिंडर बाहेरून बंद करा.

आडात पेटता कंदील सोडून बघतात, ते पुरेसं आहे का?

कंदील विझला तर उतरू नका, एवढंच त्यातून घ्या. पेटत राहिला तर उतरा, असं मात्र त्यातून निघत नाही. ज्योत साधारण १६-१७ टक्के प्राणवायूपर्यंत तग धरते, आणि तेवढ्या हवेत माणसाचं डोकं आधीच मंदावलेलं असतं. विषारी गॅसबद्दल ज्योत काहीच सांगत नाही. गोबरगॅस किंवा मैल्याच्या टाकीत तर तीच ज्योत स्फोट घडवेल, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की ठिणगी पुरते.

आडावर डिझेलचं इंजिन आत उतरवून पाणी उपसण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आडातच साठतो. इंजिन वर ठेवा, धूर लांब सोडा.

टाकी धुतलेली आहे, मागच्याच आठवड्यात उतरलो होतो. परत तपासायची गरज काय?

मागच्या आठवड्यातली हवा आज नाही. लोखंडी टाकी आतून गंजते तेव्हा तो गंज प्राणवायू खातो. झाकण लावून ठेवलेली कोरडी, स्वच्छ टाकीही अशी जीवघेणी होते. मोलॅसिसचा तळाशी राहिलेला थर पाण्याने पातळ झाला की आंबतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो.

गाळाच्या टाकीत आणखी एक गोष्ट घडते. सकाळी गॅस मोजायच्या मशीनवर सगळे आकडे चांगले दिसतात, माणूस उतरतो, फावडं गाळात घालतो आणि गाळात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम वर येतो. म्हणून उतरण्याआधी तपासून मशीन खिशात ठेवून चालत नाही. ते आतल्या माणसाच्या छातीवर सतत चालू हवं.

डाईंगच्या सांडपाण्यात एवढं काय असतं?

गंधकाच्या रंगांसाठी सोडियम सल्फाइड वापरतात. ते पाणी टाकीत असताना आम्लता जुळवण्यासाठी कुणी अ‍ॅसिड ओतलं, तर तिथल्या तिथे हायड्रोजन सल्फाइड सुटतो. व्हॅट रंगांबरोबर वापरतो त्या हायड्रोसल्फाइटपासून सल्फर डायऑक्साइड निघू शकतो. टाकीत माणूस असताना त्या टाकीला जोडलेल्या कुठल्याही लाइनमध्ये काहीही सोडायचं नाही. हा नियम रंगखात्यातल्या शेवटच्या हेल्परपर्यंत पोचला पाहिजे, कारण व्हॉल्व्ह उघडणारा आणि टाकीत उतरलेला हे दोघं एकमेकांना दिसत नसतात.

आमचा घरचा पाण्याचा हौद आहे. त्यातही धोका?

आहे. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी नसतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक घराखाली हौद असतो आणि तो घरातलंच कुणीतरी धुतं. त्यात तीन गोष्टी घात करतात. पहिली, ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र वापरणं: त्यातून क्लोरीन निघतो आणि फुप्फुसं भाजतात. दोन्ही कधीही एकत्र आणू नका, एकामागून एकही नको. दुसरी, पाण्यात सोडलेली मोटार चालू असताना पाण्यात उभं राहणं. आधी प्लग काढा, मोटार बाहेर घ्या, मगच उतरा. तिसरी, आतून वॉटरप्रूफिंग किंवा रंग मारणं. त्याचं थिनर उडून आत भरतं, चक्कर आणतं आणि पेटतंही.

आणि नवीन हौद किंवा शौचालयाची टाकी बांधून झाल्यावर सेंट्रिंग काढायला उतरणं ही तर वेगळीच मोठी जोखीम आहे. ओल्या फळ्या बंद जागेत काही दिवस कुजतात आणि आतला प्राणवायू संपवतात. टाकी कोरी करकरीत, मैल्याचा थेंबही नाही, म्हणून गवंडी निर्धास्त उतरतो. झाकणाची सगळी तोंडं आदल्या दिवशीच उघडा, पंख्याने हवा मारा आणि तपासल्याशिवाय कुणालाही पाठवू नका. घरमालकांनो, यात तुमचा शब्द चालतो. मिस्त्रीला थांबवा.

गॅस डिटेक्टर कसा वापरायचा?

चार गॅसचं मशीन घ्या: प्राणवायू, पेटणारे गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. मोकळ्या हवेत चालू करा, प्राणवायू २०.९ दाखवतो ना ते बघा. मग नळी लावून बाहेरूनच हवा ओढा: आधी वर, मग मध्ये, मग तळाशी. मिथेन हलका, तो वर राहतो. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड जड, ते खाली. प्रत्येक ठिकाणी थांबा, कारण लांब नळीतून हवा मशीनपर्यंत यायला वेळ लागतो. घाईत नळी सोडली-ओढली केलं तर मशीन वरच्याच हवेचा आकडा सांगतं.

आकडे क्रमाने वाचा. आधी प्राणवायू, कारण तो कमी असेल तर पेटणाऱ्या गॅसचा आकडाही खोटा येऊ शकतो. पेटणारा गॅस त्याच्या स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (ज्या प्रमाणाला तो पेटू लागतो त्याच्या) १० टक्क्यांखाली हवा. वेल्डिंग-कटिंग करायचं असेल तर शून्यच हवा.

चार गॅसच्या साध्या मशीनला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. मोलॅसिस आणि फर्मेंटरसाठी (मळी आंबवण्याच्या टाकीसाठी) त्याचा सेन्सर वेगळा मागून घ्या. आणि कपाटात दोन वर्षं पडून राहिलेलं मशीन नुसतं चालू होतं म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका. सेन्सर मरतात. ठरल्या मुदतीत कॅलिब्रेशन (आकडे बरोबर येतात का ते तपासून जुळवणं) आणि वापराआधी खऱ्या गॅसने छोटी चाचणी, दोन्ही लागतात.

छोट्या कारखानदारांना हे मशीन महाग वाटतं. शेजारच्या चार-पाच युनिटनी मिळून एक घेता येतं, भाड्यानेही मिळवता येतं. मशीन नसेल तर काम उद्यावर ढकला.

हवा कशी खेळती करायची?

ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडा. तोंडाशी पंखा लावला तर वरचीच हवा वर फिरत राहते. ब्लोअर ठेवताना जनरेटरचा आणि गाड्यांचा धूर त्यात ओढला जात नाही ना ते बघा. काम संपून शेवटचा माणूस वर येईपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही. वीज गेली की सगळे लगेच वर. सिलिंडरमधला ऑक्सिजन टाकीत कधीही सोडू नका.

ऑफ सीझनला कारखाना तर बंदच असतो. मग लाइन बंद करायची म्हणजे काय?

गाळप थांबलं म्हणून सगळं थांबत नाही. शेजारच्या बॉडीला कुणी पाण्याची किंवा वाफेची चाचणी देतं, कुणी कॉस्टिक सोडा फिरवतं. नुसता व्हॉल्व्ह आवळणं म्हणजे लाइन बंद करणं नव्हे, व्हॉल्व्ह गळतो. पाइपाचा जोड (फ्लँज) उघडून मध्ये भोक नसलेली ब्लाइंड प्लेट घाला किंवा पाइपचा तुकडाच काढून ठेवा. ढवळणी, कन्व्हेयर, पंप यांची वीज पॅनेलवरून तोडा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावावं, किल्ली स्वतःच्या खिशात. फ्यूज काढून ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावणं पुरत नाही. पाटी वाऱ्याने पडते आणि दुसऱ्या पाळीला काही ठाऊक नसतं.

आत उतरायचं परमिट म्हणजे कागदी घोडेच ना?

सही करणारा टाकीपाशी आलाच नाही तर हो, कागदच. खरं परमिट टाकीच्या तोंडाशी भरतात. त्यात आत जाणाऱ्यांची नावं, मोजलेले आकडे आणि वेळ, काय काय तोडलं-बंद केलं, बाहेर कोण उभा आहे आणि परमिट किती वाजता संपतं हे असतं. पाळी बदलली की नवं परमिट, पुन्हा मोजणी.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ३६ प्रत्येक मुकादमाने माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. धोकादायक वायू असू शकणाऱ्या टाकीत, खड्ड्यात किंवा पाइपात माणूस जाणार असेल, तर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यावा. नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसन उपकरण आणि पट्टा लावावा आणि पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाने धरून ठेवावं, असं त्यात सांगितलं होतं. अशा जागी हातातला विजेचा दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा नको, हे कलम ३६-अ मध्ये होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी कामगार कायद्यांच्या नव्या संहिता आल्या म्हणून यातली कुठलीही खबरदारी सोडण्याजोगी झालेली नाही.

मास्क लावला तर चालेल?

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क गॅस अडवत नाही. कार्ट्रिजचा मास्क ठरावीक गॅस गाळतो, पण प्राणवायू तयार करत नाही. जिथे प्राणवायू कमी आहे किंवा गॅस किती आहे ते माहीत नाही, तिथे पाठीवर हवेची टाकी असलेला बीए सेट किंवा बाहेरून हवा पुरवणारी एअरलाइनच लागते. ती वापरायची सवय हवी. पहिल्यांदा घालणारा माणूस घाबरून मुखवटा ओढून काढतो.

बाहेर एक माणूस नुसता उभा ठेवायचा?

नुसता उभा नाही. त्याचं कामच ते. आतल्याशी दर थोड्या वेळाने बोलायचं, आत किती जण आहेत ते मोजून ठेवायचं, उत्तर आलं नाही किंवा बोलणं अडखळलं तर सगळ्यांना वर बोलवायचं. त्याला चहा आणायला पाठवू नका, पाने-पकड आणून द्यायला सांगू नका. आणि कितीही झालं तरी त्याने आत उतरायचं नाही.

आत माणूस पडला तर काय करायचं?

उतरू नका.

मला कळतं हे किती अवघड आहे. आत पडलेला तुमचा भाऊ असतो, गाववाला असतो, वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेला जोडीदार असतो. वरून तो दिसत असतो, हाकेच्या अंतरावर. चक्कर आली असेल, दोन मिनिटांत उचलून आणतो असं वाटतं. पण ज्या हवेने तो पडला तीच हवा तुमची वाट बघत आहे. तुम्ही धावत, धापा टाकत उतरता, म्हणून तुमचा श्वास त्याच्यापेक्षा मोठा असतो आणि तुम्ही त्याच्यापेक्षा लवकर पडता. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये अशा अपघातांबाबत इशारा दिला, त्यात म्हटलं होतं की बंदिस्त जागेत मरण पावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडच्या बातम्या आठवा: पहिला पडला, त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा.

म्हणून हे करा. मोठ्याने ओरडून माणसं गोळा करा आणि कुणी आत उडी घेऊ नये म्हणून तोंडाशी एक खमका माणूस उभा करा. १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला लावा, नाहीतर ११२. फोनवर नेमकं सांगा: ‘टाकीत माणूस बेशुद्ध आहे, गॅस असू शकतो, बीए सेट घेऊन या.’ ब्लोअर चालू असेल तर चालूच ठेवा, नसेल तर बाहेरूनच हवा आत मारा. बिडी, लायटर लांब.

आतल्याच्या अंगावर हार्नेस आणि दोर असेल तर बाहेरूनच ओढून काढा. इथेच आधीच्या तयारीचं मोल कळतं. साठ-सत्तर किलोचं निपचित शरीर चेंबरच्या अरुंद तोंडातून दोन जणांनी हाताने सरळ वर ओढणं जवळजवळ अशक्य असतं. तोंडावर तिवई आणि विंच असेल तर एकटा माणूस ते करू शकतो. कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, दोर पाठीवरच्या कडीत. हे सामान अपघात झाल्यावर शोधायला धावलात तर उपयोग नाही. पहिला माणूस उतरण्याआधी ते तोंडावर उभं असलं पाहिजे.

बाहेर काढल्यावर?

मोकळ्या हवेत न्या, कपडे सैल करा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. गॅसचा संशय असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. शुद्धीवर आला, ‘बरं वाटतंय’ म्हणाला, तरी सिव्हिलला न्याच. हायड्रोजन सल्फाइड, क्लोरीन आणि मुरघासातून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड यांनी फुप्फुसांत काही तासांनंतरही पाणी भरू शकतं. डॉक्टरांना कुठल्या टाकीत, कशाचं काम चालू होतं ते सांगा.

ड्रेनेज आणि शौचालयाच्या टाकीत माणूस उतरवणं कायदेशीर आहे का?

संरक्षक साधनं आणि खबरदारी न घेता उतरवणं हा २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख केली. कायमचं अपंगत्व येऊन कमावण्याची ताकदच गेली तर किमान २० लाख.

सोसायटीच्या अध्यक्षांनी आणि हॉटेलवाल्यांनी लक्षात ठेवावं: ‘ठेकेदाराने माणूस आणला, आम्हाला काय माहीत’ ही सबब त्यांना वाचवेलच असं नाही. सक्शनची गाडी बोलवा. मैला टाकी आणि गटार सफाईच्या तक्रारीसाठी १४४२० हा क्रमांक आहे.

उन्हाळ्यात काही वेगळं?

ऑफ सीझनची बरीच कामं एप्रिल-मेमध्ये येतात, तेव्हा सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या टाकीत त्याहून जास्त तापतं. पहाटे सुरू करा, पाळ्या छोट्या ठेवा, मीठ-साखरेचं पाणी तोंडाशी ठेवा. उष्म्याची चक्कर आणि गॅसची चक्कर वरून सारखीच दिसते, म्हणून चक्कर म्हटली की गॅस धरूनच चाला. उन्हाने गाळही लवकर कुजतो.

आमच्या टोळीत सगळ्यांना मराठी वाचता येत नाही.

हे सोलापूरचं वास्तव आहे. इथे एका टाकीवर तेलुगू, कन्नड, मराठी आणि बाहेरून आलेले हिंदी बोलणारे असे सगळे एकत्र काम करतात. टाकीवरची पाटी त्या त्या भाषेत हवी, कवटीचं चित्रही हवं. पण पाटीपेक्षा बोलणं महत्त्वाचं. काम सुरू होण्याआधी प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगा आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या: वर यायची खूण काय, दोर किती वेळा ओढायचा, कुणाला हाक मारायची. नुसती मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नका.

मी नाही म्हटलं तर उद्यापासून काम बंद. मग काय करू?

रोजावरच्या माणसाची ही अडचण खरी आहे आणि तिला सोपं उत्तर नाही. एकट्याने नकार देण्यापेक्षा टोळीने मिळून विचारा: मशीनवर आकडा किती आला, दोर कुठे आहे, बाहेर कोण थांबणार? हे तीन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, आणि त्यांची उत्तरं नसतील तर सुपरवायझरलाही पुढे काय होऊ शकतं ते कळतं. शक्य असेल तर फोनवर मेसेजमध्ये विचारा, म्हणजे नोंद राहते. कारखान्याबाबतची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते. आणि मुकादम हे वाचत असतील तर त्यांना विनंती: टोळीतल्या पोराने हे विचारलं, तर त्याच्यावर चिडू नका. काम थांबवून त्याला मशीनवरचा आकडा दाखवा.